शिबल्याच्या खांबांना राजा पाहिजे

प्राचीन अवशेष पाहायला निघालेल्या मराठी माणसाचा दिवस फार अर्वाचीन रीतीनं सुरू होतो. साडेपाचला खोलीतला फोन वाजतो, साडेसहाला बॅगा दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. बसमध्ये डोकी मोजली जातात आणि एक कमी भरतं. ते डोकं दुसऱ्यांदा चहा घेताना सापडतं. तोवर "ह्यांना बघून येते" म्हणत दुसरं डोकं खाली उतरलेलं असतं. खिडकीच्या जागेवरून कालचं अर्धवट राहिलेलं भांडण मागच्या सीटवर पुढे चालू होतं, चिवड्याची पिशवी फिरते, गाण्याच्या भेंड्या 'म'वर अडतात आणि दोन तासांनी सगळी मंडळी एका मातीच्या ढिगाऱ्यासमोर उभी केली जातात. गाइड हात उंचावून सांगतो, "ही भिंत चार हजार वर्षांपूर्वीची." मागून विचारणा होते, "आणि जेवण किती वाजता?" गाइडला याचा राग येत नाही. काळाचा आकडा जितका मोठा, तितकी माणसाला भूक लवकर लागते, हे तो धंद्यात शिकलेला असतो. सहा हजार वर्षं म्हटलं की निम्मी बस परत बसमध्ये जाऊन बसते.

हल्ली इराकच्या सहली पुन्हा निघू लागल्या आहेत. बगदाद, बाबिलोन, उरुक, उर, वर मोसुलपाशी निनवे. शाळेत ज्या तैग्रिस-युफ्रेटिसला दोन गुण होते, तेही जोड्या लावा या प्रश्नात, त्यांच्यासाठी माणसं आता लाखांच्या हिशेबात पैसे मोजतात. या पैशांत नेमकं काय दिसतं, याचा जमाखर्च एकदा मांडायला हरकत नाही. बाबिलोन घ्या. तिथला इश्तार दरवाजा जगात गाजलेला : निळ्या झिलईच्या विटा आणि त्यांवर बैल, ड्रॅगन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनांनी खोदकाम केलं, विटा बर्लिनला नेल्या आणि तिथल्या पेर्गामोन संग्रहालयात दरवाजा उभा केला. बाबिलोनला आता प्रवाशांचं स्वागत करते ती त्याची धाकटी नक्कल. "मग खरा कुठं आहे?" "बर्लिनला." "मग आपण इथं कशाला आलो?" "बर्लिन आपल्या युरोपच्या सहलीत येतं, काका. फॉर्म देऊ का?" काकांनी उत्साहात फॉर्म भरायचा नाही, कारण ते संग्रहालय २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. पुढे बाबेलचा मनोरा. त्याच्या विटा आसपासच्या लोकांनी शतकानुशतकं घरं बांधायला नेल्या; मनोऱ्याच्या जागी आज चौकोनी खड्डा आहे, त्यात पाणी आणि लव्हाळे. खड्डा पाहायला इतक्या लांब जाणं हे यवतमाळकडच्या वणी-मुकुटबन भागातल्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे; कोळशाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांनी ती सोय त्याच्या दारात करून ठेवलेली आहे. झुलत्या बागा तर अजून कुणाला सापडल्याच नाहीत. ऑक्सफर्डच्या एका विदुषीनं त्या बाबिलोनला नव्हत्याच, निनवेला होत्या, असं अख्खं पुस्तक लिहून मांडलं आहे. उरल्या त्या उंच, सरळ, फोटोत छान येणाऱ्या भिंती. त्या सद्दाम हुसेननं १९८०च्या दशकात जुन्या पायावर बांधून काढल्या, म्हणजे सहलीतल्या बहुतेक मंडळींपेक्षा त्या वयानं लहान आहेत. नेबुखद्नेझर राजानं आपल्या विटांवर स्वतःच्या नावाचे शिक्के मारले होते. ते पाहून सद्दामनंही आपल्या विटांवर आपलं नाव घातलं. प्रवासी निवाऱ्याच्या कपाळावर 'अमुक यांच्या निधीतून' हे वाचत लहानाचा मोठा झालेला आपला माणूस यानं मुळीच दचकत नाही. नेबुखद्नेझरनं हात जोडलेला फोटो कसा नाही छापला, एवढंच त्याला नवल वाटतं.

म्हणजे दरवाजा नक्कल, मनोऱ्याचा खड्डा, बागा बेपत्ता आणि भिंती कालच्या. तरीही या सहलीहून कुणी हळहळत परत येत नाही. उलट पुढची दोन वर्षं सोसायटीतल्या प्रत्येक सत्यनारायणाला बाबिलोन वाढलं जातं. यावरून एकच निष्कर्ष निघतो आणि हा लेख त्याच्यासाठी आहे : आपण प्राचीन जागा पाहायला जात नाही, तिच्याबद्दल ऐकायला जातो. डोळ्यांचं काम केव्हाच मोबाइलकडे सोपवलेलं आहे. जुनेपणा जागेत नसतो. तो गाइडच्या घशात, पाटीवरच्या अक्षरांत आणि तिकिटावरच्या किमतीत असतो. हा सिद्धांत खुर्चीत बसून मांडलेला आहे आणि खुर्ची काही प्राचीन नाही, हा आक्षेप आधीच मान्य करून टाकतो. पण सिद्धांताला पुरावा लागतो, आणि तो शोधायला इराकचा व्हिसा लागत नाही. तो यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यात, रस्त्याच्या कडेला पडलेला आहे.

झरी जामणी म्हणजे जिल्ह्याचं आग्नेय टोक. खाली पैनगंगा, पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, गोंडांची गावं, कोलामांचे पोड. इथं शिबला-पार्डी भागात २०२१ साली रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून दगडी खांब निघाले. एकाला एक चिकटलेले, कोपरे धरून तासल्यासारखे, रचून ठेवलेले. कुणालाही वाटावं की एखादं देऊळ किंवा वाडा गाडला गेला आहे. भूशास्त्राच्या जाणकारांनी पाहिलं आणि सांगितलं की हा स्तंभाकृती बेसॉल्ट आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, थंड होताना आकसला आणि आकसताना त्याला अशा षटकोनी भेगा पडल्या. वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या आल्या. मग पाऊस पडला आणि पेरण्या सुरू झाल्या. आज तिथं थांबून कुणी वाकून पाहू लागला, तर जाणारा विचारील, "काय पाहून राहिले जी?" "खांब." "खांब कायचे, गोटे होय थे!" आणि शास्त्रदृष्ट्या त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, ही यातली मोठी पंचाईत.

बरं, शिबल्याचे गोटे हे या तालुक्यातले काही सगळ्यांत वडीलधारे नव्हेत. या भागातल्या चुनखडकाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी पैनगंगेचंच नाव दिलं आहे आणि त्यांचं वय शंभर कोटी वर्षांच्या घरात जातं. उरचा झिगुरात, म्हणजे तो पायऱ्यापायऱ्यांचा मंदिराचा चौथरा, चार हजार वर्षांचा म्हणून लोक त्याच्यासमोर टोपी काढतात. इकडे मुकुटबनला शंभर कोटी वर्षांचा दगड भाजून, दळून पन्नास किलोच्या पोत्यात भरला जातो, आणि पोत्यावर गेल्या आठवड्याची तारीख छापलेली असते. शिवाय तीन महिन्यांच्या आत वापरा, अशी सूचना. ज्यानं शंभर कोटी वर्षं ऊनपाऊस काढला, तो पोत्यात शिरल्यावर नव्वद दिवसांत शिळा होतो. आणि इथला कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्यांचं नाव गोंडवन. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत एके काळी ज्या महाखंडात एकत्र नांदत होते, त्याला एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये गोंडवनाचं नाव दिलं. म्हणजे अर्ध्या पृथ्वीच्या सातबाऱ्यावर गोंडांच्या मुलखाचं नाव आहे. इतका मान बाबिलोनलाही मिळाला नाही. पण झरीच्या स्टँडवर उतरून कुणी "अर्धी पृथ्वी कुठून सुरू होते हो?" असं विचारल्याची नोंद नाही.

आता आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर जाऊ. तिथं समुद्राकाठी शिबल्यासारखेच खांब आहेत. तोच बेसॉल्ट, तशीच षटकोनी ठेवण, वयानं आपल्यापेक्षा थोडे लहानच. संख्येनं मात्र सुमारे चाळीस हजार. पण तिथल्या लोकांनी त्या खांबांना एक राक्षस लावून दिला. फिन मॅककूल नावाच्या राक्षसानं समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडमधल्या दुसऱ्या राक्षसाशी भांडायला जाता यावं म्हणून हा दगडी रस्ता बांधला, अशी कथा. झालं. जागेचं नाव पडलं 'जायंट्स कॉजवे', १९८६ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं, शेजारी प्रवाशांसाठी केंद्र उभं राहिलं, वाहनतळ झाला, दुकान झालं. दोन्ही ठिकाणी दगड तोच, आणि गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणी गोष्ट रस्त्याचीच. तिकडे राक्षसानं रस्ता बांधला म्हणून खांब झाले. इकडे कंत्राटदार रस्ता बांधायला गेला म्हणून खांब सापडले. राक्षसाचं लोककथेत नाव झालं. कंत्राटदाराचं बिल मंजूर झालं असेल तर त्याला तेवढं पुरे.

यावर पहिला आक्षेप शिकल्यासवरल्या लोकांचा येतो. ते म्हणतात, दगड निसर्गानं केला, त्यात माणसाचं काय? वारसा म्हणजे माणसानं घडवलेलं. ऐकायला हे भारदस्त आहे, पण टिकत नाही. एक तर युनेस्कोच टिकू देत नाही. दुसरं म्हणजे माणसाचा हात हीच कसोटी लावली, तर मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला पहिला नंबर द्यावा लागेल. ती टेकडीही याच जातीच्या खांबांची, जवळजवळ साठ मीटर उंच. आणि माणसानं तिच्याभोवती इतकी घडवणूक केली आहे की इमारतींच्या फटीतून टेकडी शोधावी लागते. वर गावदेवीचं देऊळ आहे म्हणून लोक चढतात तरी. दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि सहा कोटी वर्षांवर चप्पल काढून ठेवून, परत घालून उतरतात. देवीनं गाइडचं अर्धं काम तिथं केलेलं आहे. शिबल्याला तेवढंही कुणी नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : मेसोपोटेमियात, म्हणजे त्याच इराकात, माणूस पहिल्यांदा लिहायला लागला, आणि जिथं लिहिलं गेलं तिथं इतिहास, झरी जामणीत काय लिहिलेलं आहे? याला उत्तर द्यायचं तर त्या लोकांनी लिहिलं काय, हे पाहायला हवं. उरुकच्या सगळ्यांत जुन्या मातीच्या पाट्यांवर महाकाव्य नाही. सातू किती आला, दारू किती वाटली, जनावरं किती, कुणाकडे बाकी किती, हे आहे. म्हणजे मानवजातीनं पहिली लेखणी उचलली ती तलाठी म्हणून. कवी फार नंतर आला, आणि आल्यावर त्यालाही बहुधा बाकीच दाखवली गेली. उरला सापडलेली आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली एक पाटी इसवी सनापूर्वी १७५०च्या सुमाराची आहे. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकानं एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला तीत सुनावलं आहे : तांबं दाखवलं एक, दिलं भलतंच, पैसे घेतले, माणूस पाठवला तर त्याचा अपमान केला. जगातली सर्वांत जुनी ग्राहक-तक्रार म्हणून लोक ती काचेतून कौतुकानं पाहतात. ज्या शेतकऱ्याचं सोयाबीन पेरूनही उगवलं नाही आणि जो पिशवी, पावती आणि मूठभर न उगवलेलं बियाणं घेऊन तालुक्याला खेटे घालतो, त्याच्या अर्जात आणि या पाटीत साडेतीन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे, मजकुरात काही नाही. फरक असलाच तर हा की नान्नीचा अर्ज अजून सापडतो.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या हद्दीच्या, भांडणाचं तर विचारूच नका. लगश आणि उम्मा ही दोन नगरं सुमेरमध्ये, म्हणजे मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागात, शेजारी होती. त्यांच्यामध्ये एक सुपीक पट्टा होता, त्याला कालव्याचं पाणी होतं, आणि अर्थातच दोघांचं म्हणणं होतं की तो आमचा. किश नगराच्या मेसिलिम राजाला मध्ये घालून मोजणी करून घेतली. त्यानं हद्दीचा दगड रोवून दिला. पुढे उम्माच्या एका राज्यकर्त्यानं तो उपटून फोडला. मग लढाई, मग तह, मग पाणी तोडणं, मग पुन्हा लढाई; पिढ्यान्‌पिढ्या, शे-दीडशे वर्षं. इसवी सनापूर्वी अडीच हजारांच्या आगेमागेची ही गोष्ट. तिच्यावरचा एक कोरीव दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मानानं उभा आहे, त्यावर गिधाडं शत्रूची मुंडकी घेऊन उडताना दाखवली आहेत. हीच हकिगत नावं बदलून झरी जामणीतल्या कुठल्याही पारावर सांगितली, तर ऐकणारा गिधाडांपाशी थांबणार नाही. तो विचारील, "मोजणीची नोटीस दोघांलेही भेटली होती का?" नंतरच्या काळातल्या बाबिलोनी लोकांनी तर जमिनीच्या दानाच्या दगडांवर शापच कोरून ठेवले की जो हद्द सरकवील त्याला महारोग होवो. भूमी अभिलेख खात्याकडे हा अधिकार नाही, म्हणून प्रकरणं साठतात. आणि दोन राज्यांच्या हद्दीचा प्रश्न सोडवण्यात तर आपण सुमेरच्या पुढे गेलो : शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या चौदा गावांची नावं वर्षानुवर्षं महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्हीकडच्या मतदार याद्यांत होती. दगड उपटायचा नाही, दोन्हीकडे मतदान करायचं. हे लगश-उम्माला सुचलं असतं तर गिधाडं उपाशी राहिली असती.

तिसरा आक्षेप नीतीचा. गाइड म्हटला की थापा आल्या. शिबल्याला गाइड ठेवाल तर पंधरा दिवसांत तिथं भीम येईल. येईल, यात शंका नाही. पहिल्या दिवशी गाइड म्हणेल, "हा लाव्हा." समोरचे म्हणतील, "बरं." दुसऱ्या दिवशी तो म्हणेल, "गोंड राजाचा दरबार होता म्हणतात." लोक फोटो काढतील. तिसऱ्या दिवशी म्हणेल, "वनवासात पांडवांनी एका रात्रीत खांब उभे केले, कोंबडा आरवला म्हणून छत राहिलं." लोक चप्पल काढतील. चौथ्या दिवशी नारळवाला येईल. यात गाइडचा दोष किती आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. उरला प्रवाशांना बायबलातल्या अब्राहमचं घर दाखवतात. ते सद्दामच्या काळात विटा रचून नव्यानं उभारलेलं आहे आणि तिथं अब्राहम राहिल्याचा पुरावा त्याच विटांइतका नवा आहे. पण त्याच उरमध्ये थापेवरचा उताराही सापडला. लिओनार्ड वुली या ब्रिटिश उत्खननकारानं १९२५च्या हंगामात एका इमारतीत वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू एकत्र ठेवलेल्या पाहिल्या, काही तर त्या इमारतीपेक्षाही कितीतरी शतकं जुन्या. सोबत मातीचा एक छोटा दंडगोल होता. त्यावर जुन्या विटेवरच्या लेखाची नक्कल आणि ती कुठं मिळाली याची नोंद. वुलीनं त्या जागेला संग्रहालयच म्हटलं आणि ते बाबिलोनच्या नबोनिडस राजाच्या मुलीच्या, एन्निगल्दीच्या, नावावर मांडलं. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच त्या बाईंना उमगलं होतं की जुनी वीट नुसती ठेवली तर ती वीट, आणि शेजारी पाटी ठेवली तर वारसा. शिबल्याला एक पाटी लावायची आहे. खर्च फार नाही. तिच्यावर सरळ लिहावं की महाराष्ट्र व्यापून आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या लाव्ह्याचा हा थेंब आहे, आणि तो ओतला जात होता त्याच काळात डायनोसॉर संपले. ते लाव्ह्यानं संपले की आकाशातून पडलेल्या धोंड्यानं, यावर शास्त्रज्ञांचं भांडण चालू आहे, हेही लिहावं. राजा हवाच असेल, तर डायनोसॉरपेक्षा मोठा राजा कुठून आणणार? भीमाला थोडी विश्रांती मिळेल.

गाइड नसला की काय होतं, याचाही पुरावा आपल्याच लोकांचा आहे. मेसोपोटेमियात मोठ्या संख्येनं गेलेली पहिली मराठी माणसं सहलीला गेली नव्हती. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तैग्रिसच्या काठाकाठानं चालत ते टेसिफोनपर्यंत पोचले. तिथं विटांची ती अवाढव्य प्राचीन कमान उभी आहे, जी पाहायला आज बस थांबते. त्यांना गाइड नव्हता, हुकूम होता. नोव्हेंबरात तिथं लढाई झाली, मग कूतला वेढा पडला आणि १९१६च्या एप्रिलात उपासमारीनं शरणागती. त्या चालण्याची चेष्टा करण्याचा कुणाला अधिकार नाही. फक्त इतकंच की बगदाद-बसऱ्याचं नाव मराठी घरांत आलं ते या माणसांमुळे, बाबिलोनमुळे नाही. उलट टोकाचं उदाहरण रहस्यकथा लिहिणाऱ्या ॲगाथा ख्रिस्तीचं. १९३० मध्ये ती उरला आली असताना वुलीच्या बायकोनं एका तरुण मदतनिसाला फर्मावलं की बाईंना आसपासचा मुलूख दाखवून आण. वाटेत मोटार वाळूत रुतली. तो चाकं काढण्याच्या खटपटीत, आणि बाई मोटारीच्या सावलीत स्वस्थ झोपल्या. न कुरकुरणारी प्रवासी त्या गाइडनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असावी. त्याच वर्षी त्यानं, म्हणजे मॅक्स मॅलोवननं, तिच्याशी लग्न केलं. आपल्या बसमधून असं काही घडण्याचा धोका नाही. मोटार रुतली की सदोतीस जणांचे सदोतीस सल्ले एकाच वेळी सुरू होतात.

राहता राहिला गैरसोयींचा आक्षेप. झरीला हॉटेल नाही, ऊन फार, पोचायला वेळ लागतो. ऊन म्हणाल तर बसऱ्याचा पारा पन्नासच्या वर जातो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत लग्नाची पंगत उठवणाऱ्या मुलखाला तो हिशेब सांगू नये. पोचायला वेळ लागतो हे खरं, पण जवळ असलं म्हणजे लोक पाहतातच असं कुठं आहे? १८४८च्या सुमाराला लेयार्ड या ब्रिटिश उत्खननकारानं निमरुदच्या असिरियन राजवाड्यातून पाठवलेल्या पेट्या लंडनच्या वाटेवर मुंबईच्या गोदीत पडल्या होत्या, तेव्हा मुंबईतल्या साहेबलोकांनी त्या परस्पर उघडून आतला माल निवांत पाहून घेतला. मेसोपोटेमियाची इतकी स्वस्त सहल पुन्हा निघालेली नाही. लंडनला पेट्या पोचल्यावर लेयार्ड मात्र फार चिडला. असिरियन राजवाड्यांतले काही कोरीव दगड आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत. त्यांच्यासमोरून शाळांच्या रांगा जातात, पण त्या पेंढा भरलेला वाघ कुठे आहे हे विचारत जातात.

तेव्हा झरी जामणीची एक दिवसाची सहल काढायला काहीच हरकत नसावी. सकाळी वणीला आलूबोंडा आणि चहा, मग मुकुटबनला शंभर कोटी वर्षं पोत्यात जाताना लांबून पाहणे, दुपारी शिबल्याचे खांब, संध्याकाळी पैनगंगेच्या काठावरून तेलंगणा. गाइड गावातलाच पोरगा घ्यावा; मराठी, गोंडी, कोलामी आणि थोडी तेलुगू येणारा इथं सहज मिळतो. इतक्या भाषा येणारा माणूस बाबेलच्या मनोऱ्यावर असता, तर भाषांच्या गोंधळानं काम बंद पडलं नसतं. गर्दी वाढली तर खांबांची नासधूस होईल, लोक नावं कोरतील, ही शेवटची भीती. ती खरी आहे, कारण नेबुखद्नेझरपासून कुणालाही हा मोह आवरलेला नाही. पण ओल्या मातीच्या विटेवर शिक्का मारणं वेगळं आणि बेसॉल्टवर खिळा चालवणं वेगळं. 'संजय' लिहायला बसलेल्याचा 'स'च्या पहिल्या उभ्या रेघेतच खिळा वाकतो, अंगठा सुजतो, आणि तेवढ्यात खाली बसचा हॉर्न वाजून डोकी मोजायला सुरुवात झालेली असते.